गोडी सुरात की कानात?

नाताळच्या तयारीसाठी धर्मग्रामातील गायनमंडळाची बैठक भरली की एक वाद हमखास उपस्थित होतो. जुनी मंडळी म्हणतात, "फादर, या नव्या गाण्यांत प्रार्थना कुठे आहे? नुसता ताल आहे." तरुण मंडळी म्हणतात, "तुमची ती जुनी गाणी ऐकून आम्हाला झोप येते." थोडा वेळ आवाज चढतात आणि मग कोणीतरी समजूतदार माणूस दोन्ही पक्षांना शांत करण्यासाठी म्हणतो, "जाऊ द्या हो, व्यक्ती तितक्या प्रकृती. ज्याला जे आवडेल ते त्याला चांगले." त्या वाक्याने बैठक संपते, चहा येतो, पण प्रश्न मात्र जागच्या जागीच राहतो.

मला ते वाक्य नेहमी अर्धवट वाटत आले आहे. संगीताचे चांगलेपण ही जर केवळ ऐकणाऱ्याच्या आवडीची गोष्ट असेल, तर गायनमंडळाने सराव तरी कशासाठी करावा? बेसूर गाणाऱ्याला आपण कोणत्या अधिकाराने थांबवतो? उलटपक्षी, चांगलेपण जर सोन्याच्या कसासारखे कसोटीवर घासून पाहता येत असेल, तर शतकानुशतके शहाणी, सश्रद्ध माणसे त्याबाबत एकमेकांच्या विरोधात का उभी राहिली? ख्रिस्तसभेने या प्रश्नाशी सुमारे सोळाशे वर्षे झुंज दिली आहे. तो इतिहास चाळला, तर आपल्या बैठकीतील वादालाही काही वळण लागेल, असे वाटते.

आरंभ संत ऑगस्टीनपासून करू. इ. स. ३८६ मध्ये मिलान शहरात बिशप संत अंब्रोज यांनी छळाच्या प्रसंगी लोकांना धीर यावा म्हणून स्तोत्रे आणि गीते सामुदायिक रीतीने गाण्याचा प्रघात सुरू केला. त्या गायनाने ऑगस्टीन यांच्या डोळ्यांत अश्रू उभे राहिले, हे त्यांनीच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात ते स्वतःलाच दोष देतात. गायिल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षा गायनानेच आपले मन अधिक हेलावले, तर ते आपल्याकडून पाप घडले असे ते मानतात. कधी त्यांना वाटते की संगीत मंदिराबाहेरच ठेवावे. कधी वाटते की दुबळ्या मनाला भक्तीकडे नेणारा हा जिना काढून घेऊ नये. शेवटी ते गायनाची प्रथा राखावी या बाजूला झुकतात, पण डळमळतच. याच ऑगस्टीन यांनी दुसऱ्या एका ग्रंथात आपला प्रश्न अगदी नेमका विचारला आहे: एखादी वस्तू आवडते म्हणून ती सुंदर, की सुंदर आहे म्हणून ती आवडते? त्यांचे उत्तर असे की ती सुंदर आहे म्हणूनच आवडते. तिच्या अवयवांत जो मेळ आहे तो पाहणाऱ्याने निर्माण केलेला नसतो, त्याला तो फक्त आढळतो.

या उत्तरामागे ग्रीकांचे गणित होते. ताणलेल्या तारेची लांबी निम्मी केली की तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो, म्हणजे प्रमाण २:१. तारेचे प्रमाण ३:२ ठेवले की पंचम मिळतो, ४:३ ठेवले की मध्यम. पायथागोरसच्या परंपरेने जपलेली ही प्रमाणे आपल्या संगीतालाही परकी नाहीत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असलेल्या स्वरांना संवादी म्हटले आहे. तेच षड्ज-मध्यमाचे आणि षड्ज-पंचमाचे नाते. ग्रीसमधील तार आणि भारतातील वीणा यांचे या बाबतीत एकमत व्हावे, हा काही आवडीनिवडीचा योगायोग नव्हे. सृष्टिकर्त्याने हवेच्या कंपनातच काही मेळ घालून ठेवला आहे.

मात्र तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. तानपुरा उत्तम लागला म्हणजे मैफल उत्तम झाली असे होत नाही. शिवाय कोणते स्वर एकत्र गोड लागतात याविषयी युरोपचेच मत बदलत गेले. षड्ज आणि गंधार एकाच वेळी वाजवले तर मध्ययुगातील पूर्वीचे शास्त्रकार त्याला विसंवाद म्हणत. पुढील काळात तोच मेळ सर्वांत गोड मानला गेला. आज आपल्या चर्चमधील ऑर्गनवर पहिला मेळ वाजतो तो बहुधा तोच.

चौदाव्या शतकात हा वाद थेट पोपच्या दरबारात पोहोचला. पोप बाविसावे जॉन आव्हिन्यों येथे राहत होते. १३२४-२५ च्या सुमारास त्यांनी चर्चमधील नव्या संगीतपद्धतीविरुद्ध आज्ञापत्र काढले. त्यांची तक्रार अशी की नवे रचनाकार प्राचीन धून बारीकबारीक स्वरांनी चिरडून टाकतात, मध्येच उचकी लागल्यासारखे स्वर तोडतात आणि कानांना धुंदी आणतात. भक्ती मात्र बाजूला राहते. सणाच्या दिवशी मूळ धुनेवर सप्तक, पंचम, मध्यम असे शुद्ध मेळ धरायला त्यांनी मोकळीक दिली, म्हणजे पुन्हा तीच २:१, ३:२, ४:३ ही प्रमाणे. त्यांच्या तक्रारीतील अर्धी गोष्ट आजही खरी आहे: गाणाऱ्याची कसरत पुढे आली की प्रार्थना मागे पडते. पण उरलेली अर्धी गोष्ट काळाने मान्य केली नाही. त्याच शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील ग्यिओम द माशो यांनी पवित्र मातेच्या सन्मानार्थ चार आवाजांत मिस्सा रचली. तीत ते तुटक स्वरही आहेत, आणि आज तिची गणना त्या युगातील श्रेष्ठ रचनांत होते.

दोनशे वर्षांनी ट्रेंट परिषदेच्या वेळी तोच वाद पुन्हा उफाळला. त्याविषयी एक लोकप्रिय आख्यायिका आहे. आमच्या सेमिनरीतही आम्ही ती मोठ्या चवीने ऐकली होती. आख्यायिका अशी: परिषद बहुस्वरी संगीतावर, म्हणजे अनेक आवाजांनी निरनिराळ्या चाली एकाच वेळी गाण्याच्या पद्धतीवर, सरसकट बंदी घालणार होती. तेव्हा पालेस्त्रिना या रचनाकाराने 'पोप मार्सेलस यांची मिस्सा' रचली, कार्डिनलांनी ती ऐकली, ते गहिवरले आणि संगीत वाचले. १६०७ मध्ये आगाझारी या संगीतकाराच्या लेखनात ही कथा डोकावते, १८२८ मध्ये बाईनी यांनी लिहिलेल्या पालेस्त्रिनाच्या चरित्राने ती सर्वदूर पोहोचवली आणि १९१७ मध्ये तिच्यावर म्यूनिकमध्ये एक ऑपेराही रंगभूमीवर आला.

वस्तुस्थिती थोडी निराळी आहे, आणि माझ्या मते ती अधिक बोधप्रद आहे. परिषदेने १७ सप्टेंबर १५६२ रोजी, बाविसाव्या सत्रात, एवढेच ठरवले की ज्या वादनात वा गायनात काही कामुक किंवा अशुद्ध मिसळले असेल ते बिशपांनी चर्चबाहेर ठेवावे. बहुस्वरी संगीतावर बंदी तिने घातली नाही. पुढील वर्षी तपशील प्रांतिक धर्मसभांवर सोपवला गेला. खुद्द पोप दुसरे मार्सेलस १५५५ मध्ये जेमतेम बावीस दिवस गादीवर होते. पण त्या थोड्या दिवसांतील गुड फ्रायडेला त्यांनी आपल्या गायकांना बोलावून सांगितले की या दिवसाचे गायन प्रसंगाला साजेसे हवे आणि शब्द ऐकणाऱ्याला कळले पाहिजेत; तत्कालीन रोजनिशीत याची नोंद आहे. पालेस्त्रिना त्या वेळी त्याच गायकवृंदात होता. त्याच वर्षी पुढील पोप चौथे पॉल यांनी विवाहित गायकांना काढून टाकले, तेव्हा त्याचीही नोकरी गेली.

दहा वर्षांनी, २८ एप्रिल १५६५ रोजी, कार्डिनल व्हितेल्ली यांच्या घरी पोपच्या गायकांना बोलावून काही मिस्सा गाऊन घेण्यात आल्या. तपासायचे होते ते हे की शब्द कळतात की नाही. पालेस्त्रिनाची मिस्सा त्या दिवशी गायिली गेली याला पुरावा नाही. ती १५६७ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. तिच्या 'ग्लोरिया'त आणि 'क्रेदो'त सहाही आवाज बहुतेक ठिकाणी एकाच वेळी एकच शब्द उच्चारतात, त्यामुळे शब्द स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे मागणी पूर्ण झाली.

आता आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. त्याच सुमारास मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी आपल्या कॅथेड्रलचे संगीतप्रमुख व्हिंचेंझो रूफो यांना शब्द शक्य तितके स्पष्ट राहतील अशी मिस्सा रचायला सांगितले. रूफो यांनी ते काम निष्ठेने केले. परिषदेच्या इच्छेला अनुसरून रचलेल्या त्यांच्या मिस्सा १५७० मध्ये छापल्या गेल्या. नियमाची कसोटी लावली तर रूफो पालेस्त्रिनाच्या बरोबरीने, कदाचित काकणभर अधिकच उत्तीर्ण होतात. तरीही रूफो आज अभ्यासकांपुरते उरले आणि पालेस्त्रिना अजून जगभर गायिला जातो. हेही लक्षात घ्यावे की त्याच १५७० साली पालेस्त्रिनाने छापलेल्या मिस्सांपैकी एक 'शस्त्रधारी माणूस' या जुन्या लौकिक गाण्याच्या धुनेवर बांधलेली होती. धून बाजारातून आली म्हणून ती अपवित्र ठरली नाही, आणि नियम तंतोतंत पाळला म्हणून रचना अजरामर झाली नाही.

तेव्हा 'हे संगीत चांगले आहे का?' या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. पहिला: ते ज्या कामासाठी आहे त्या कामाला योग्य आहे का? दुसरा: ते कलाकृती म्हणून नीट घडवलेले आहे का? तिसरा: ते मला आवडते का? पहिल्याचे उत्तर बरेचसे तपासता येते. व्हितेल्ली यांच्या घरी तेच केले गेले. दुसऱ्याचे उत्तर जाणकारांच्या कानाने आणि काळाच्या चाळणीने हळूहळू मिळते. ते वस्तुनिष्ठ आहे, पण झटपट मिळणारे नाही. तिसऱ्याचे उत्तर मात्र माझे मलाच द्यायचे असते. आवडीविषयी वाद घालू नये, ही लॅटिन म्हण या तिसऱ्या प्रश्नापुरती बरोबर आहे. आपण गोंधळ करतो तो असा की तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दोहोंच्या जागी ठेवतो. त्याहून गंभीर चूक म्हणजे हातात अधिकार असलेला माणूस आपल्या आवडीलाच धर्माचा नियम मानू लागतो.

या चुकीची किंमत आपल्या पूर्वजांनी मोजली आहे. जेज्वीट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी मराठीत रचलेले क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथासाठी त्या इंग्रज धर्मगुरूने कोणता छंद निवडला? ज्ञानेश्वरीचा, आणि जात्यावर बसणाऱ्या आपल्या आजीचा: ओवी. नवख्रिस्ती लोकांच्या कानाला जी लय परिचित होती, तिच्यातूनच त्यांनी तारणाची कथा सांगितली आणि ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनी तिला छपाईची संमती दिली. पुढे १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने जे फर्मान काढले, त्यात ख्रिस्ती लोकांच्या लग्नसमारंभांत ओव्या गाण्यास मनाई केली. एकशे वीस वर्षांत ओवीचा छंद बदलला नव्हता, तिचे स्वर बिघडले नव्हते. बदलली होती ती ऐकणाऱ्या सत्ताधाऱ्यांची नजर. त्यांना त्या लयीत गाण्याचा गुण ऐकू येत नव्हता. त्यांना फक्त गाणारा परका दिसत होता.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या गावच्या मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवले. त्या परंपरेतून आलेल्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोजा यांच्यासारख्या वादकांनी आणि संयोजकांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताला आकार दिला; संगीतकार प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे व्हायोलिनचे शिष्य. परके संगीतही मनापासून आत्मसात केले की आपले होते. हा त्या शिक्षणाचा खरा लाभ. दोष शिकवण्यात नव्हता. जे आधीपासून घरात होते त्याला क्षुद्र ठरवण्यात होता.

विसाव्या शतकात या संपूर्ण अनुभवाचे सार काढण्याचा प्रयत्न पोप संत दहावे पायस यांनी केला. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, त्यांनी पवित्र संगीतावरील आपले पत्र प्रसिद्ध केले. त्या वेळी इटलीतील चर्चमध्ये ऑपेराच्या थाटाची गाणी बोकाळली होती. उपासनेच्या संगीताला त्यांनी तीन कसोट्या लावल्या: ते पवित्र असावे, ती खरी कला असावी आणि ते सार्वत्रिक असावे. सार्वत्रिक याचा अर्थ त्यांनी असा सांगितला की प्रत्येक राष्ट्राने आपल्या संगीताची खास रूपे जरूर वापरावीत, मात्र ती ऐकून दुसऱ्या राष्ट्रातील भाविकाच्या मनावर वाईट परिणाम होऊ नये.

याच पत्रात पियानो आणि ढोलताशासारखी वाद्ये निषिद्ध होती, आणि स्त्रियांना गायकवृंदात स्थान नव्हते. हे वाचून आमच्या गायनमंडळातील भगिनी हसतील. त्या नसतील तर रविवारची मिस्सा मुकीच होईल. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी काही अटींवर स्त्रियांच्या गायनाला वाट मोकळी केली. त्यानंतर ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील संविधान घोषित केले. त्यात ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान ठेवूनही, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान द्यावा आणि उपासनेत स्थान द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. पाहा, १९०३ च्या तीन कसोट्या टिकल्या; त्यांच्या सोबत आलेले त्या काळच्या आवडीचे काही नियम गळून पडले. इतिहास चांगल्याची कसोटी आणि काळाची सवय यांना असे वेगळे करतो, पण त्याला वेळ लागतो.

येथे मला माझा एक अपराध कबूल केला पाहिजे. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडून मी एका धर्मग्रामात सहायक म्हणून रुजू झालो होतो. ग्रेगोरियन गायन शिकलो होतो, पेटी बऱ्यापैकी वाजवीत होतो आणि आपल्याला संगीतातले कळते असा माझा समज होता. उपवासकाळातील शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती झाली की चार-पाच वृद्ध स्त्रिया मागच्या बाकांवर बसून प्रभूच्या दुःखसहनाची गाणी आपल्या बोलीत गात. आवाज थरथरते, लय संथ, स्वर माझ्या पेटीच्या पट्ट्यांत न बसणारे. मी पेटीवर त्यांची साथ करून पाहिली, जमले नाही. मग एके दिवशी मी त्यांना नम्रपणे, पण ठामपणे सांगितले की हे बेसूर होते, त्याऐवजी आपण पुस्तकातील गीत घेऊ या. त्यांनी वाद घातला नाही. त्यांच्यातील सर्वांत वयस्कर आजी एवढेच म्हणाल्या, "बरं फादर, तुम्ही शिकलेले." पुढच्या शुक्रवारी त्या गायल्या नाहीत.

कालांतराने मला कळले की बेसूर कोण होते. पेटीच्या पट्ट्या सोयीसाठी समान अंतराने लावलेल्या असतात. तिचा गंधार शुद्ध प्रमाणापेक्षा किंचित चढाच असतो, आणि मींड तर तिच्यातून निघतच नाही. याच कारणांसाठी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवले होते. त्या आजींचे स्वर एका जुन्या, कानोकान आलेल्या वळणाचे होते. ते वळण मला ठाऊक नव्हते, म्हणून मी त्याला चूक म्हटले. काही वर्षांनी ती गाणी लिहून घ्यावीत म्हणून मी त्या गावी गेलो. आजी देवाघरी गेल्या होत्या. त्यांच्या सुनेला दोन-चार ओळींचे शब्द आठवत होते, चाल आठवत नव्हती. १७३६ च्या फर्मानावर बोट ठेवताना मला माझेही बोट दिसते ते यामुळे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की चर्चमध्ये काहीही चालते. त्या आजींचे गाणे चांगले होते असे मी म्हणतो, तेव्हा मला ते आवडत होते असे मी म्हणत नाही. मला ते आवडले नव्हतेच. तरीही ते प्रसंगाला साजेसे होते, त्यात शब्द प्रत्येकीला कळत होते आणि पिढ्यांच्या चाळणीतून ते उतरले होते. माझी नावड हा त्याच्याविरुद्धचा पुरावा नव्हता. चांगलेपण माझ्या कानाबाहेर होते. उणीव होती ती कानात. संगीताचे चांगलेपण वस्तुनिष्ठ आहे असे मानणाऱ्याला म्हणूनच अधिक नम्र व्हावे लागते. जो म्हणतो की सगळी आवडच आहे, त्याला शिकण्यासारखे काही उरत नाही. जो म्हणतो की सौंदर्य माझ्यापेक्षा मोठे आहे, त्याला आपले चुकू शकते हेही मान्य करावे लागते.

या वर्षी बैठकीत वाद निघाला तेव्हा मी मंडळींना एक विनंती केली. प्रत्येक गाण्याबद्दल आधी विचारावे: शब्द कळतात का, आणि ते मिस्सेच्या त्या भागाला साजेसे आहे का? मग विचारावे: चाल आणि शब्द यांची घडण पक्की आहे का, आणखी दहा वर्षांनी हे गावेसे वाटेल का? आवडीचा प्रश्न शेवटी. या क्रमाने गेल्यावर तरुणांनी आणलेले एक गाणे राहिले आणि दोन गळाली; जुन्यांपैकीही एक गळाले, त्यावर कोणी फारशी हळहळ व्यक्त केली नाही. चहा नेहमीपेक्षा उशिरा आला. निघताना मी तरुणांना आणखी एक काम दिले: ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी नाताळापूर्वी त्यांच्याजवळ बसून एक तरी जुने गाणे चालीसकट ध्वनिमुद्रित करून आणावे. आवडते की नाही हे तूर्त विचारू नये.